८२ सामने खरे की ७?

जून २०२३ मध्ये उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा, वार्षिक पुरस्कार सोहळा नॅशव्हिलला झाला. सर्वोत्तम गोलरक्षकाची व्हेझिना ट्रॉफी बोस्टन ब्रुइन्सच्या लिनस उलमार्कने नेली. आक्रमक फळीत खेळूनही बचावात सर्वांत तरबेज ठरणाऱ्या खेळाडूची सेल्की ट्रॉफी बोस्टनचाच कर्णधार पॅट्रिस बर्जरॉन याला मिळाली, तीही विक्रमी सहाव्यांदा. सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून जॅक ॲडम्स पुरस्कार बोस्टनच्या जिम मॉन्टगोमेरींना. सर्वांत कमी गोल होऊ देणाऱ्या संघाच्या गोलरक्षकांची जेनिंग्ज ट्रॉफी उलमार्क आणि जेरेमी स्वेमन या जोडीच्या नावावर आधीच लागली होती, आणि साखळीत पहिल्या आलेल्या संघाची प्रेसिडेंट्स ट्रॉफीही बोस्टनकडेच होती. एवढे सगळे एका हंगामात पदरात पडूनही बोस्टनच्या चाहत्यांच्या लेखी ते वर्ष फुकट गेले. साखळीनंतरची बाद फेरी जिंकणाऱ्याला मिळणारा स्टॅन्ली कप आला नाही, म्हणून.

ही समजूत चुकीची आहे, आणि ती चाहत्यांच्या हळवेपणातून आलेली नाही, लीगनेच ती रुजवली आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी त्या संघाने काय केले ते पाहू. एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत आणि तेव्हा प्रत्येक संघ साखळीत ८२ सामने खेळत असे. ऑक्टोबर ते एप्रिल, आज बोस्टन तर परवा कॅलिफोर्निया, अशी दमछाक. २०२२-२३ मध्ये ब्रुइन्सने त्यांतले ६५ जिंकले आणि १३५ गुण मिळवले. लीगच्या शंभराहून जास्त वर्षांत एवढे विजय आणि एवढे गुण कुणालाही जमलेले नाहीत. गुणांचा आधीचा विक्रम १३२ होता, मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा, १९७६-७७ सालचा. तो ४६ वर्षे टिकला होता. हंगामाच्या सुरुवातीला बोस्टनने घरच्या मैदानावरचे पहिले १४ सामने ओळीने जिंकले, हाही विक्रमच. घरच्या ४१ सामन्यांपैकी ठरलेल्या वेळेत ते फक्त ४ हरले. डेव्हिड पास्टर्नाकने ६१ गोल केले. उलमार्कने ४० सामने जिंकून दिले आणि त्याच्यावर सरासरी सामन्यामागे २ गोलसुद्धा झाले नाहीत.

मग बाद फेरी आली. पहिल्याच फेरीत समोर फ्लोरिडा पँथर्स, साखळीत ९२ गुण मिळवून कसाबसा आत शिरलेला संघ. दोघांत ४३ गुणांचे अंतर. सात सामन्यांच्या मालिकेत बोस्टन ३-१ ने पुढे होते. पाचवा सामना ते घरी, जादा वेळेत हरले. सहावा फ्लोरिडात ७-५ असा गमावला. ३० एप्रिलला सातव्या सामन्यात, पुन्हा घरी, ३-२ अशी आघाडी होती. शेवटचे मिनिट उरले असताना ब्रँडन मॉन्टूरने बरोबरी साधली आणि जादा वेळेत कार्टर व्हरहेगीने बोस्टनला घरी बसवले. दुखापतीमुळे बर्जरॉन पहिले चार सामने खेळलाच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रे, रेडिओ, बार, सगळीकडे एकच सूर: इतिहासातील सर्वांत मोठे पानिपत.

पानिपत म्हणायला हरकत नाही, मालिका खरोखरच हातची घालवली. पण त्या एका पराभवाने आधीचे ८२ सामने खोटे कसे ठरतात? हंगामात ६५ वेळा जिंकलेल्या संघाची लायकी, १२ दिवसांत झालेल्या सहा सामन्यांवरून आणि सातव्याच्या शेवटच्या मिनिटावरून कशी ठरते?

लीगचे स्वतःचे वागणे या बाबतीत मोठे मजेशीर आहे. हंगामातील सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी हॉकी पत्रकार मत देऊन ठरवतात, व्हेझिनासाठी संघांचे जनरल मॅनेजर मत देतात, जॅक ॲडम्ससाठी समालोचक. हे सगळे मतदान साखळी संपल्यावर आणि बाद फेरी सुरू होण्यापूर्वी उरकले जाते. मुद्दामच. कारण जाणकारांना ठाऊक आहे की गोलरक्षक किती चांगला, हे सहा महिन्यांच्या खेळावरून कळते, एका आठवड्याच्या नाही. बाद फेरीतील कामगिरीसाठी कॉन स्मिथ ट्रॉफी वेगळी ठेवली आहे. म्हणजे एकेकट्या माणसाला तोलताना लीग साखळीच्या तराजूवर विश्वास ठेवते, आणि त्याच माणसांचा संघ तोलायची वेळ आली की तो तराजू बाजूला सारते. उलमार्क त्या वर्षीचा सर्वोत्तम गोलरक्षक, मॉन्टगोमेरी सर्वोत्तम प्रशिक्षक, बर्जरॉन आपल्या कामात अव्वल. मग त्यांचा संघ त्या वर्षीचा सर्वोत्तम संघ का नाही, याचे सरळ उत्तर मला अजून कुणी दिलेले नाही.

आता थोडा हिशेब. समजा एखादा संघ इतका सरस आहे की समोर कुणीही असो, दहापैकी सहा सामने तो जिंकतो. बाद फेरीत आलेल्या तगड्या संघांविरुद्ध हे प्रमाण फार मोठे आहे. असा संघ सातची एक मालिका जिंकण्याची शक्यता साधारण ७१ टक्के निघते. ऐकायला छान. पण स्टॅन्ली कप मिळवायचा तर अशा चार मालिका लागोपाठ जिंकाव्या लागतात, आणि ७१ टक्क्यांचा चार वेळा गुणाकार केला की हाती राहतात जेमतेम २५ टक्के. तेव्हा असा सरस संघसुद्धा चारपैकी तीन वर्षे हात हलवत परत जाणार. त्यात कुणाचे मन कच्चे नसते, कुणाच्या अंगात ‘चॅम्पियनचे रक्त’ कमी नसते. हे गणित आहे.

प्रत्यक्षात काय घडले तेही याच्याशी जुळते. प्रेसिडेंट्स ट्रॉफी १९८५-८६ पासून दिली जाते. २००४-०५ चा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात रद्द झाला, तो सोडला तर २०२५ पर्यंत ती ३९ वेळा दिली गेली. त्यांतल्या ८ वेळा त्याच संघाने कपही जिंकला. शेवटचा शिकागो ब्लॅकहॉक्स, २०१३ मध्ये, आणि तो हंगामही कापून ४८ सामन्यांचा केलेला. यावरून ‘प्रेसिडेंट्स ट्रॉफीचा शाप’ असा शब्दप्रयोग तिकडे रूढ आहे. शाप कसला डोंबलाचा! बाद फेरीत १६ संघ असतात. सगळे सारख्या ताकदीचे असते तर प्रत्येकाच्या वाट्याला सोळा वर्षांत एक कप आला असता. ३९ मध्ये ८ हे त्याच्या तिपटीहून जास्त झाले. या ट्रॉफीइतका भरवशाचा शकुन लीगमध्ये दुसरा शोधून सापडायचा नाही, आणि लोकांनी तिलाच अपशकुनी ठरवले.

अपशकुनाचे हे वेड या खेळात खोल आहे. कपाच्या अंतिम फेरीत जाणाऱ्या दोन संघांना त्याआधी आपापल्या विभागाच्या ट्रॉफ्या मिळतात, एक प्रिन्स ऑफ वेल्स ट्रॉफी आणि एक क्लॅरेन्स कॅम्पबेल बोल. बरेच कर्णधार त्यांना हातही लावत नाहीत, टेबलाशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि निघतात. कारण काय, तर ‘खरा’ कप अजून बाकी आहे. यातली प्रिन्स ऑफ वेल्स ट्रॉफी १९३८-३९ पासून १९६७ पर्यंत साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाची ट्रॉफी होती. त्या ट्रॉफीचे असे अस्पृश्य होणे मला तरी केविलवाणे वाटते.

बोस्टनला हा अनुभव नवा नव्हता. १९७०-७१ चा ब्रुइन्स संघ आठवणारे लोक अजून आहेत. तेव्हा ७८ सामने असत. बोस्टनने ५७ जिंकले, १२१ गुण मिळवले. फिल एस्पोझिटोचे ७६ गोल, बॉबी ऑरचे १३९ गुण (खेळाडूचे गुण म्हणजे त्याचे गोल आणि इतरांच्या गोलला केलेली मदत यांची बेरीज). लीगमधील सर्वाधिक वैयक्तिक गुणांच्या यादीत पहिले चारही बोस्टनचे. पहिल्या फेरीत गाठ पडली मॉन्ट्रियलशी, आणि मॉन्ट्रियलने गोलमध्ये उभा केला केन ड्रायडन नावाचा एक पोरगा, ज्याने साखळीत जेमतेम सहा सामने खेळले होते. दुसऱ्या सामन्यात बोस्टन ५-१ ने पुढे होते आणि ७-५ ने हरले. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली, बोस्टन बाहेर. मॉन्ट्रियलने कप जिंकला आणि ड्रायडनला कॉन स्मिथ मिळाली.

मग बोस्टन वाईट संघ ठरला का? तोच संघ १९७० मध्ये कप जिंकला होता आणि १९७२ मध्ये पुन्हा जिंकला. मधले १९७१ हे तिन्हींतले सर्वांत चांगले वर्ष होते, आणि नेमके त्याच वर्षाचे नाव कपावर नाही. ज्याला ब्रुइन्सचा इतिहास नुसता कपावर कोरलेल्या सालांतून वाचायचा आहे, त्याला त्या संघाचा सर्वोत्तम हंगाम दिसणारच नाही.

साखळी खरे बोलते याचा याहून ठळक पुरावा टॅम्पा बे लाइटनिंगने दिला. २०१८-१९ मध्ये त्यांनी ६२ सामने जिंकले, १२८ गुण. निकिता कुचेरोव्हला हार्ट, आंद्रेई वासिलेव्हस्कीला व्हेझिना. पहिल्या फेरीत कोलंबस ब्लू जॅकेट्सने त्यांना ४-० असे धुतले. सगळीकडे टिंगल झाली. क्लबने मात्र डोके शांत ठेवले. प्रशिक्षक जॉन कूपर यांना काढले नाही, मुख्य खेळाडू विकले नाहीत. २०२० आणि २०२१ चे स्टॅन्ली कप टॅम्पाने जिंकले. व्यवस्थापनाने ८२ सामन्यांचे ऐकले, चार सामन्यांचे नाही, एवढेच.

माझ्या मुद्द्याला अडचणीचे उदाहरणही आहे आणि ते दडवण्यात अर्थ नाही. फ्लोरिडा पँथर्स, तेच ज्यांनी बोस्टनला घरी बसवले, २०२१-२२ मध्ये स्वतः प्रेसिडेंट्स ट्रॉफीचे मानकरी होते. दुसऱ्या फेरीत टॅम्पाकडून चारही सामने हरले. त्यांनी टॅम्पाच्या नेमके उलट केले: प्रशिक्षक अँड्र्यू ब्रुनेट यांना कायम केले नाही, ११५ गुण मिळवणारा जोनाथन ह्युबर्डो देऊन मॅथ्यू कचक आणला. पुढच्या वर्षी अंतिम फेरी गाठली आणि २०२४, २०२५ असे दोन कप लागोपाठ जिंकले. म्हणजे कधी कधी साखळीच्या यशावर विश्वास न ठेवणेही फळते. मी ते मान्य करतो. पण त्यातून सिद्ध होते ते एवढेच की बाद फेरीसाठी वेगळ्या घडणीचा संघ लागतो. वेगळ्या घडणीचा म्हणजे अधिक चांगला, हे मधल्या मधे कुणीतरी घुसडून दिले आहे.

दुसरा आक्षेप वेळापत्रकाचा. साखळीत सगळे संघ सगळ्यांशी सारखे सामने खेळत नाहीत. त्या हंगामात आपल्या गटातील सात संघांशी मिळून २६, आपल्याच विभागातील दुसऱ्या गटाशी २४ आणि पलीकडच्या विभागातील सोळा संघांशी दोन-दोन असे ३२. शिवाय जादा वेळेत हरणाऱ्यालाही एक गुण मिळतो, त्यामुळे गुणतक्ता थोडा फुगतो. खरे आहे. पण पलीकडच्या विभागातील प्रत्येकाशी निदान दोनदा तरी खेळावे लागतेच. बाद फेरीत कपविजेता अख्ख्या लीगमधील फक्त चार संघांना हरवतो. अपुऱ्या पुराव्याची तक्रार करायचीच असेल तर ती आधी कुठे करायची?

‘बाद फेरी हाच खरा कस, दडपणाखाली कोण टिकतो ते तिथेच कळते,’ हे वाक्य तर दर एप्रिलला ऐकू येते. दडपण असते, वाद नाही. पण आइस हॉकीत एका संघाचे सामन्यागणिक सरासरी तीनच्या आसपास गोल होतात. रबराची ती चकती कुणाच्या स्केटवर, कुणाच्या काठीवर आपटून दिशा बदलते आणि गोल होतो. समोरचा गोलरक्षक आठवडाभर अंगात आल्यासारखा खेळला की जगातले आक्रमण थंड पडते. इतक्या कमी गोलांच्या खेळात योगायोगाला पाय पसरायला भरपूर जागा असते. ८२ सामन्यांत तो दोन्ही बाजूंनी फिटतो. सातमध्ये फिटेलच असे नाही. बाद फेरी रोमांचक आहे ती याच अनिश्चिततेमुळे, आणि ज्या गोष्टीमुळे ती रोमांचक होते त्याच गोष्टीमुळे ती मोजमाप म्हणून कच्ची ठरते. दोन्ही फायदे एकदम मागता येत नाहीत.

कपाच्या या एकाधिकाराची किंमत माणसे मोजतात. रे बोर्क बोस्टनसाठी २१ हंगाम खेळला, पाच वेळा लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. १९८७ मध्ये एस्पोझिटोचा ७ क्रमांक निवृत्त करण्याचा समारंभ होता आणि तो क्रमांक तेव्हा बोर्क घालत असे. त्याने बर्फावर आपली जर्सी उतरवून एस्पोझिटोच्या हाती दिली; आत दुसरी जर्सी होती, तिच्यावर ७७. एवढा या क्लबचा माणूस, पण कप नाही म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर त्याला २००० मध्ये कोलोरॅडोला जावे लागले. २००१ मध्ये तिथे कप मिळाला. तो कप घेऊन बोर्क बोस्टनला आला आणि सिटी हॉलपुढच्या चौकात हजारो बोस्टनकर जमले, दुसऱ्याच संघाने जिंकलेल्या कपाचा जल्लोष करायला. अनेकांना हा प्रसंग हृद्य वाटतो. मला त्यात थोडी लाजही दिसते. एकवीस वर्षांच्या कामावर पावती म्हणून परक्या गावचा शिक्का लागावा?

गंमत म्हणजे क्लबला हे मनातून ठाऊक आहे. २०२२ पर्यंत ब्रुइन्सने १२ क्रमांक निवृत्त केले होते. ज्यांचे ते क्रमांक, त्यांतल्या पाच जणांनी खेळाडू म्हणून बोस्टनसाठी एकही कप जिंकलेला नाही: कॅम नीली, रिक मिडलटन, टेरी ओ’रायली, बोर्क आणि विली ओ’री. ओ’री तर एनएचएलमध्ये फक्त ४५ सामने खेळला, गोल चार. पण १८ जानेवारी १९५८ रोजी तो या लीगमध्ये उतरलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला, आणि तोही उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नसताना. ६४ वर्षांनी, त्याच तारखेला, त्याचा २२ क्रमांक निवृत्त होऊन स्टेडियमच्या छतावर चढला. म्हणजे व्यक्तीला सन्मान देताना ब्रुइन्स बरोबर पाहतात की माणसाने काय केले. कपाची अट घालत नाहीत. संघाच्या हंगामाला हाच न्याय लावायला काय हरकत आहे?

सन्मानाला वजन द्यायचे ठरवले तर ते देता येते, याचे उदाहरण आपल्या जवळ, गोव्यात आहे. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा विजेता बाद फेरीतूनच ठरे, साखळीत पहिल्या आलेल्याला मिरवण्यासारखे काही नसे. २०१९-२० पासून लीग विनर्स शील्ड आली आणि तिच्या सोबत एएफसी चॅम्पियन्स लीगमधील जागा. पहिल्याच वर्षी एफसी गोवाने ती जिंकली. नंतर उपांत्य फेरीत ते चेन्नईयिनकडून हरले, अंतिम सामना गोव्यातच, फातोर्ड्याला झाला आणि त्यात गोवा नव्हते. पण त्या हंगामाला कुणी फुकट गेलेला म्हणत नाही, कारण त्या शील्डमुळे गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. पुढच्या वर्षी मुंबई सिटीने शील्ड घेतली आणि त्या जोरावर २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवले. या स्पर्धेतला तो भारतीय क्लबचा पहिला विजय. शील्डला किंमत आली ती तिच्यामागे काहीतरी ठोस बांधले म्हणून. आयपीएलसुद्धा गुणतक्त्यातील पहिल्या दोघांना अंतिम फेरीसाठी दोन संधी देते. एनएचएल पहिल्या आलेल्याला काय देते? सातवा सामना घरी. बोस्टनला तो मिळाला, आणि त्याचा किती उपयोग झाला ते आपण पाहिले.

स्टॅन्ली कपाला हात लावायची गरज नाही. १८९३ पासून दिला जाणारा तो चषक आहे तिथे राहू दे. खेळाडूंनी तो आपापल्या गावी नेऊन मिरवावा, फ्लोरिडासारख्यांनी स्वप्ने पाहावीत. लीगने फक्त दोन गोष्टी कराव्यात. साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला अधिकृतपणे ‘लीग विजेता’ म्हणावे आणि ती ट्रॉफी कमिशनरने स्वतः, घरच्या बर्फावर, भरल्या स्टेडियमसमोर द्यावी, जसा तो कप देतो. आणि त्या संघाला पहिल्या फेरीतील प्रतिस्पर्धी निवडू द्यावा. ऑस्ट्रियातील आइस हॉकी लीगमध्ये वरचे संघ असे प्रतिस्पर्धी निवडत आले आहेत, आभाळ कोसळलेले नाही. निवडीचा दिवस स्वतःच एक तमाशा होईल, टीव्हीवाले खूष होतील, आणि साखळीतील शेवटच्या दहा सामन्यांना आज नसलेली धार येईल. पहिल्या-दुसऱ्या जागेसाठी संघ झगडतील, कारण त्या जागेला अर्थ असेल.

२०२३ मध्ये हा नियम असता तर बोस्टनने बहुधा फ्लोरिडालाच निवडले असते आणि कदाचित तरीही हरले असते. हरकत नाही. एप्रिलच्या मध्यावर त्यांच्या हाती एक विजेतेपद असते, ज्यावर ६५ विजयांचा हक्क होता, आणि मेच्या पहिल्या दिवशी रेडिओवर फोन करणाऱ्यांना निदान त्याबद्दलही बोलावे लागले असते.